अग्नेशाची लांबची वाट

अग्नेशा बुद्झाकोव्हा तोंडाने फटकळ आहे, हे झद्यार गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण पाठीवर साठ किलोंचा बोजा असला की तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. अडीच तास चढ चढताना जे जे मनात येतं ते ती साठवून ठेवते आणि वर चातेच्या दारात बोजा उतरवला की एका दमात ओकून टाकते. समोर बहुतेक वेळा नवराच असतो. व्हालेंत मान डोलावतो, चहात थोडी रम ओततो आणि कप तिच्यापुढे सरकवतो. कप अर्धा होईपर्यंत ती बोलते, मग तिचं तिलाच हसू येतं.

कोमिन शिखराखालची ही चाता म्हणजे दगडी भिंतींचं, पत्र्याच्या छपराचं आसऱ्याचं घर. खाली मोठी खोली आणि चूल, वर माळ्यावर वीस माणसं झोपतील एवढ्या गाद्या. गाडीरस्ता नाही, तारेवरचा पाळणा नाही. पीठ, बटाटे, गॅसची टाकी, बिअरचं पिंप, सगळं माणसाच्या पाठीवरून वर येतं आणि राख, डबे, बाटल्या माणसाच्याच पाठीवरून खाली जातात. अग्नेशाचे वडील आंद्राश इथले बोजेवाले होते. मुलगा झाला नाही म्हणून त्यांनी थोडे दिवस तोंड पाडलं, मग सुताराकडे जाऊन पाठीवर बांधायची लाकडी चौकट, जिला इथे क्रोश्ना म्हणतात, ती मुलीच्या मापाची करून घेतली. तेविसाव्या वर्षी अग्नेशाने पहिला पुरा बोजा वर नेला. बाईमाणसाचं हे काम नव्हे, असं गावच्या गुत्त्यात दोघा-तिघांनी बोलून दाखवलं होतं. त्या आठवड्यात तिने एकाहत्तर किलोंची चूल सुटी करून दोन खेपांत नव्हे, एकाच खेपेत वर नेली. गुत्त्यात मग हवापाण्याच्या गप्पा सुरू झाल्या.

आता ती सत्तावन्न वर्षांची आहे, आणि ही गोष्ट तिच्या चौतिसाव्या हिवाळ्याची.

पूर्वी हिवाळ्यात चातेवर चिटपाखरू नसे. रविवारी एखाद-दुसरा वेडा लाकडी स्की घेऊन यायचा, कोबीचं आंबट सूप प्यायचा आणि आभार मानून जायचा. मग स्की हलक्या झाल्या. त्यांच्या तळाला चिकटवायची केसाळ कातडी पट्टी स्वस्त झाली, त्यामुळे कोणीही चढ चढू लागला. प्रत्येकाच्या हातात वाट दाखवणारा फोन आला, आणि सात-आठ वर्षांत रविवारचे ऐंशी-ऐंशी लोक व्हायला लागले. लोक वाईट नव्हते. दमलेले, ओले, आनंदी लोक होते. पण ऐंशी आनंदी लोक एका चातेला फार होतात.

चातेच्या बगलेला एक हिवाळी खोली आहे. नवरा-बायको गावात उतरलेले असले तरी वादळात सापडलेल्या माणसाला आसरा मिळावा म्हणून तिला कुलूप नाही. आंद्राशनी ते स्वतःच्या हाताने काढून ओढ्यात फेकलं होतं, तेव्हापासून ती खोली कधी बंद झालेली नाही. आदल्या हिवाळ्यात तिथे कोणीतरी बसायचं बाक फोडून चुलीत घातलं. लाकडाची रास बाहेर दहा पावलांवर होती, पण बुटात पाय घालायचा कंटाळा. संडास बर्फाखाली गाडला गेला की मंडळी घराच्या मागे जाऊन बसत, आणि सकाळी त्याच मागच्या बाजूचा बर्फ चहासाठी भांड्यात भरत. एका रविवारी अकरा जणांची पोटं बिघडली आणि दोष व्हालेंतच्या सुपाला आला. तेव्हापासून अग्नेशाने मागच्या बाजूला दोरी बांधली, आणि दोरीपलीकडे जो दिसेल त्याला ती भर खोलीत नावानिशी विचारी, "काय रे, पोट साफ झालं का?" दोन आठवड्यांत ती खोड मोडली. आठवड्याला तीन पोती कचरा ती खाली नेई, वर येताना पीठ आणि उतरताना घाण. याचा तिला राग होता, पण राग तिला पेलत होता.

पेललं नाही ते नोव्हेंबरात ल्युदो क्रिश्शाकने आणलेलं कागदाचं पान.

ल्युदो म्हणजे राष्ट्रीय उद्यानाचा वनरक्षक, तिच्याच गावचा, शाळेत तिच्या मागच्या बाकावर बसणारा. तो चातेत आला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, तिच्यावर उद्यानाच्या कचेरीचं पान ठेवलं आणि बराच वेळ चुलीकडेच बघत बसला.

"बोल की," अग्नेशा म्हणाली. "तुझं थोबाड बघून सूप आंबायला लागलंय."

"सूप आधीच आंबट आहे," ल्युदो म्हणाला. "अग्नेशा, काळ्या रानातले डोंगरी कोंबडे संपत चाललेत. सात वर्षांपूर्वी वसंतात तीस नर नाचायला यायचे. यंदा मी नऊ मोजले."

"मग मी काय करू? अंडी घालू?"

व्हालेंत हसला. ल्युदो हसला नाही. "हिवाळ्यात ते बर्फात बीळ करून बसतात. दिवसातून थोडा वेळ बाहेर यायचं, कोवळे कोंब खायचे, की परत आत. अंगात चरबी नसतेच. स्कीवाले वरून गेले की बीळ फोडून उडतात. एकदा उडाले तर चालतं. दिवसात चारदा उडाले की आठवड्यात मरतात. कचेरीने ठरवलंय, यंदाचा हिवाळा बघायचा. मे महिन्यात मोजणी. नऊच्या खाली गेले तर डिसेंबर ते एप्रिल दरी बंद. चातासुद्धा."

"आणि हिवाळी खोली?"

"तिला कुलूप."

व्हालेंतने न विचारता तिच्यापुढे कप ठेवला, तो तिने तसाच राहू दिला.

चाता बंद म्हणजे तिचं काम बंद, हे तर होतंच. उन्हाळ्यात बोजे वाहायला कॉलेजची मुलं मिळतात, हिवाळ्यातला बोजेवाला मात्र या दरीत एकच होता आणि तो म्हणजे ती. पण त्याहून तिला लागलं ते कुलूप. आयुष्यात एकच गोष्ट तिच्या घराण्याने दिमाखाने सांगण्यासारखी केली होती, ती म्हणजे ते दार उघडं ठेवलं होतं.

मग तिने आपल्या पद्धतीने लढाई सुरू केली. डिसेंबरभर ती लोकांना झाडत राहिली. पुठ्ठ्यांवर पाट्या लिहून तिने काळ्या रानाच्या तोंडाशी टांगल्या: "इथे पक्षी झोपलेत. तुम्हीही घरी झोपा." लोकांनी पाट्यांसोबत फोटो काढून घेतले आणि पुढे गेले. बर्फ पडला की सकाळी रानातून एक वाट वर गेलेली दिसायची आणि उतरताना त्या वाटेच्या दोन्ही बाजूंनी झाडांमधून पन्नास रेघा ओढलेल्या असायच्या. एकदा ल्युदोने तिला हात धरून नेलं आणि बर्फातली फुटलेली बिळं दाखवली. बिळाच्या तोंडाशी पंखांचे पंजासारखे ठसे होते. एका ठिकाणी नुसती पिसं होती.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी तिने भरल्या खोलीत एका माणसाला धरलं. रादोव्हान त्याचं नाव, कोशित्से शहरातला दातांचा डॉक्टर, पाच वर्षांपासूनचं नेहमीचं गिऱ्हाईक. तो खसखस घातलेले वाफेवरचे गोड पाव, म्हणजे बुख्त्या, खात होता.

"तू शिकलेला ना रे?" अग्नेशा त्याच्या डोक्यावर उभी राहून म्हणाली. "लोकांच्या तोंडात बघतोस, जरा पायाखाली पण बघ. काळ्या रानातूनच का चढता तुम्ही सगळे? कोणी शिकवली तुम्हाला ही वाट?"

रादोव्हानने तोंडातला घास गिळला. "मावशी, खरंच सांगू?"

"नाही, खोटं सांग."

त्याने फोन काढून तिच्यापुढे धरला. तिला चष्म्याशिवाय दिसेना. व्हालेंतने चूल सोडून येऊन फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि मोठ्याने वाचलं. "'मावशीची आडवाट. कोमिन चातेची बोजेवाली रोज याच वाटेने जाते. लाल चिंध्यांच्या काठ्यांमागे चला. सर्वांत जवळची, वाऱ्यापासून सुरक्षित.' चार हजार दोनशे लोकांनी वापरली."

खोलीत आधी हशा पिकला. मग अग्नेशाचा चेहरा पाहून तो आपोआप विरला.

त्या काठ्या तिच्याच होत्या. दरवर्षी नोव्हेंबरात पितरांचा दिवस पार पडला की हेझलच्या दीडशे काठ्या तोडायच्या, प्रत्येकीला लाल चिंधी बांधायची आणि पुलापासून चातेपर्यंत, थेट काळ्या रानातून, तीस पावलांवर एक अशा रोवायच्या. ही रीत आंद्राशची. वादळात बोजेवाल्याला वाट सापडावी म्हणून. बोजेवाला जवळचीच वाट धरतो, कारण पाठीवर साठ किलो असताना प्रत्येक वळण अंगावर येतं. आणि ताज्या बर्फात पहिली वाट ज्याची, मागचे सगळे त्याच वाटेचे. अग्नेशाने चौतीस वर्षं रोज सकाळी पहिली वाट पाडली होती, आणि गेली सात वर्षं ती ऐंशी-ऐंशी लोकांना हाताला धरून पक्ष्यांच्या घरात नेत होती. लोकांना शिव्या देत, मान खाली घालून.

"मावशी, मी काढून टाकू का ते फोनवरून?" रादोव्हानने हळूच विचारलं.

"काढून काय होणार? वाट तर तिथेच आहे," ती म्हणाली आणि आत गेली. तिला लाज वाटली होती. चारचौघांत तिला लाज वाटलेली व्हालेंतने लग्नानंतर प्रथमच पाहिली, म्हणून तो तिच्यामागे गेला नाही, लोकांना वाढत राहिला.

सोमवारी ती काठ्या उपटायला गेली. एकेक काठी गोठलेली, हिसडून काढावी लागे. ल्युदोला तिने बोलावून घेतलं होतं, मोळ्या बांधायला.

"कुठे रोवणार या आता?" त्याने विचारलं.

"घोड्यांच्या वाटेवर."

पुलापाशी आल्यावर उजवीकडे काळं रान. डावीकडे ओढ्याच्या पलीकडच्या काठाने एक जुनी वाट जाते, पूर्वी घोडे त्या वाटेने ओंडके ओढून आणायचे. ती बीचच्या दाट झाडीतून लांबलचक वळणं घेत चातेच्या मागे निघते. तिथे बर्फाचे कडे कोसळायची भीती नाही, पक्ष्यांची वस्तीही नाही. फक्त एक तास जास्त.

"साठ किलो घेऊन एक तास जास्त?" ल्युदो म्हणाला. "तुझे गुडघे मला माहीत आहेत."

"माझे गुडघे तुला कसे माहीत रे? तू मागच्या बाकावर होतास."

पुढच्या बर्फानंतर तिने पहाटे उठून घोड्यांच्या वाटेने, पायात बर्फात चालायच्या जाळ्या बांधून, पहिली वाट पाडली. सरळ वर, जशी बोजेवाल्याला सवय असते तशी. स्कीवाले पुलापाशी आले, तिच्या वाटेवर चढले, आणि पन्नास पावलांवर सगळे घसरून एकमेकांच्या अंगावर पडले. मग उठले आणि उजवीकडे रानात शिरले. संध्याकाळी त्यांच्यातलाच एक जण म्हणाला, "मावशी, ती वाट आहे की शिडी?"

ती चार दिवस धुसफुसत राहिली. पाचव्या दिवशी तिने रादोव्हानला निरोप धाडला की तुझ्या जुन्या स्की असतील तर आण, आणि कोणाला सांगू नकोस.

सत्तावन्नाव्या वर्षी अग्नेशा स्कीवर उभी राहिली, ते चातेच्या मागच्या उतारावर. रादोव्हान सांगत होता, "गुडघे वाकव, मावशी, गुडघे." ती म्हणत होती, "वाकत असते तर तुला बोलावलं असतं का?" पहिल्या दिवशी ती एकोणीसदा पडली. व्हालेंत खिडकीतून मोजत होता. दुसऱ्या दिवशी विसाव्यांदा ती पडली तेव्हा त्याने खिडकी उघडून विचारलं, "जेवण तिथेच आणून देऊ का?" तिने बर्फाचा गोळा मारला, तो नेमका सुपाच्या भांड्यात पडला. चढताना मात्र ती पडली नाही. चढण तिला पोटातून समजत होती. आठवड्याभरात तिला कळलं की स्कीची वाट माणसाच्या वाटेसारखी नसते. ती आळशी असावी लागते. उतारावर अलगद तिरकी, वळणं रुंद, कुठेही श्वास न चढवणारी. जो चालेल त्याला वाटलं पाहिजे की याहून सोपं काही असूच शकत नाही.

"म्हणजे मी आयुष्यभर जे केलं त्याच्या उलट," ती रादोव्हानला म्हणाली.

"हो. आळशी माणसासारखा विचार कर."

"व्हालेंतसारखा?"

"ऐकू येतंय मला," खिडकीतून आवाज आला.

जानेवारीच्या अखेरीपासून ती बर्फ पडल्या दिवशी पहाटे उतरून जाई आणि उजाडायच्या आत करवत गिरणीजवळच्या वाहनतळावरून बोजा घेऊन स्कीवर निघे. पुलापर्यंत सपाट, मग डावीकडे, तिरकी, सावकाश, एकेक वळण. एक तासाची भर होती, ती आता दीड तासाची झाली. रात्री तिचे खांदे व्हालेंत मेंढीच्या चरबीने चोळून देई. अर्धे लोक तिच्यामागे येऊ लागले. अर्धे फोन बघून अजूनही उजवीकडे जात. रादोव्हानने फोनवर लिहिलं होतं की ही वाट धरू नका, पण चार हजार लोकांनी जुनं उतरवून घेतलं होतं, त्यांच्यापर्यंत ते पोचेना. आणि अर्धे म्हणजे चाळीस. चाळीस माणसं रानात शिरली तर मेमध्ये मोजायला काही उरणार नव्हतं, हे ल्युदोने स्पष्टच सांगितलं होतं.

फेब्रुवारीच्या मध्यावर शाळांना सुट्टी लागली आणि त्याच आठवड्यात तीन दिवस वादळ झालं. अग्नेशा खाली गावात अडकली. चौथ्या दिवशी, शनिवारी, आभाळ लख्ख मोकळं झालं आणि मांडीएवढा कोरा बर्फ पडलेला. वाहनतळ सकाळी सहालाच भरला. तिच्या ओळखीचा एकही चेहरा नव्हता. ब्रातिस्लाव्हाचे, पोलंडचे, दोन बसगाड्या भरून आलेले. सगळ्यांच्या हातात फोन.

तिने बोजा पंचेचाळीस किलोंचाच बांधला. पीठ, यीस्ट, बटाटे आणि एक गॅसची टाकी. गावातल्या बहिणीने म्हटलं, आज तरी रिकामी जा. अग्नेशा म्हणाली, "वर तो माणूस तीन दिवस बटाट्यांच्या सालांवर काढतोय. रिकाम्या हाताने गेले तर मलाच खाईल."

लोक अजून बूट बांधत होते तेव्हा ती निघाली. पुलापर्यंत अर्धा तास लागायचा, त्या दिवशी एक तास लागला. प्रत्येक पावलाला स्की बर्फाच्या खाली जाई, वर ओढावी लागे. पुलावर ती श्वास घ्यायला थांबली तेव्हा मागचे येऊन पोचलेच. पुढे लाल जाकीट घातलेला एक उंच तरुण होता, त्याच्या मागे रांग लागलेली.

त्याने फोन पाहिला, रान पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. तिच्या स्कीची टोकं डावीकडे वळलेली होती.

"बाई, तुम्ही चुकलात," तो अदबीने म्हणाला. "वाट उजवीकडे आहे. ही बघा, बोजेवालीची वाट."

"चौतीस वर्षं चुकत होते," अग्नेशा म्हणाली. "आता बरोबर चालले आहे."

आणि ती डावीकडे निघाली. आणखी एक शब्द बोलायचा नाही असं तिने ठरवलं होतं. बोलून काही होत नाही, हे तिला डिसेंबरातच कळलं होतं. तिने अलगद तिरकं वळण घेतलं आणि मान न वळवता कान मागे लावले.

बराच वेळ पुलावरून नुसतं बोलणं ऐकू येत होतं. मग बर्फात कोणीतरी भसकन रुतल्याचा आवाज आला, उजवीकडून. मग दुसऱ्यांदा तसाच. हसणं. कोणीतरी पोलिश भाषेत काहीतरी म्हणालं. तिने दुसरं वळण घेतलं, आणखी आळशी, आणखी रुंद. छाती फुटेल असं वाटत होतं, पण खालून बघणाऱ्याला ती वाट लोण्यातून काढल्यासारखी दिसली पाहिजे होती. तिसऱ्या वळणावर खालून आवाज यायला लागला, स्कीखालची पट्टी बर्फावर घासल्याचा. सर्र, सर्र. एक. मग दोन. मग इतक्या की मोजता येईनात.

तिने वळणाच्या टोकाला थांबून खाली पाहिलं. लाल जाकीट तिच्या वाटेवर होतं. त्याच्या मागे रांग, पूल, पुलापलीकडेही रांग. उजवीकडे, रानाच्या तोंडाशी, दोन माणसांनी तुडवलेला दहा-बारा पावलांचा खड्डा होता आणि त्यापुढे बर्फ तसाच होता, कोणी शिवलेला नाही. अग्नेशाला अशी ताकद आली की बोजा आहे हेच ती विसरली.

दोन तासांनी मात्र पायांनी जाब विचारला. बीचच्या झाडीत एका वळणावर तिच्या मांडीत गोळा आला आणि ती काठ्यांवर रेलली. लाल जाकीट शेजारी येऊन उभं राहिलं. त्याचं नाव बोरिस होतं, आणि एव्हाना त्याला सगळं समजलं असावं, कारण तो टोपी काढून बोलत होता.

"मावशी, बोजा मला द्या."

"बोजाला हात लावलास तर हात मोडीन," ती म्हणाली. बोजेवाल्याचा बोजा दुसऱ्याने घ्यायचा नसतो. पण मग तिने आजवर कधी न केलेली गोष्ट केली. वाटेच्या कडेला सरकली. "तू पुढे हो. वाट तू पाड. पण तोफेच्या गोळ्यासारखा सुटू नकोस. आईला घेऊन चाललायस असं समज."

"माझी आई माझ्याहून जोरात चढते."

"मग आजीला घेऊन."

बोरिस पुढे झाला. पहिलं वळण त्याने उभं काढलं, तिने मागून काठीने त्याच्या स्कीवर टकटक केलं. दुसरं त्याने नीट काढलं. पुढे अर्ध्या तासाने दुसरा एक जण पुढे आला, मग तिसरी एक मुलगी, आणि अग्नेशा दुसऱ्या नंबरावर चालत एकेकाला काठीने शिकवत वर गेली.

व्हालेंत दारात उभा होता. चातेच्या डाव्या अंगाने माणसांची एक लांब माळ वर येत होती आणि उजवीकडचं सगळं रान, खालपासून वरपर्यंत, पांढरं स्वच्छ होतं. त्याने एकशे बारा माणसं मोजली. अग्नेशाने बोजा उतरवला. तिच्याकडे साडेचार तासांचं बोलणं साठलेलं होतं, पण ती फक्त म्हणाली, "पीठ आणलंय. बुख्त्या लाव. माझ्या लोकांना भूक लागलीय."

ज्यांना ती दोन महिने शिव्या देत होती, त्यांना ती 'माझे लोक' म्हणाली, हे व्हालेंतच्या लक्षात आलं. त्याने पीठ चाळायला घेतलं.

त्या दिवशी बोरिसच्या मंडळींनी परतण्याआधी हिवाळी खोली झाडली, नवं बाक ठोकलं, आणि तीन पोती कचरा आपल्या पाठीवर घेऊन ते उतरले, तेही घोड्यांच्याच वाटेने. पुढचे सगळे रविवार बर्फ पडला की पहाटे पुलापाशी कोणी ना कोणी तिची वाट पाहत थांबलेलं असे, पुढे व्हायला. बोजाला मात्र हात लावू दिला नाही तिने. एप्रिलपर्यंत काळ्या रानात एकदाच तीन रेघा दिसल्या. त्या तिघांना चातेत इतरांनीच असं फैलावर घेतलं की अग्नेशाला बोलायला जागाच उरली नाही. त्याचं तिला थोडं वाईटही वाटलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात, अजून तांबडं फुटायचं होतं तेव्हा, ती ल्युदोबरोबर काळ्या रानाच्या वरच्या मोकळ्या पट्टीत फांद्यांच्या आडोशाला पालथी पडली. ल्युदोच्या हातात वही होती आणि वही थरथरत होती.

"थंडीने की भीतीने?" तिने पुटपुटत विचारलं.

"गप्प राहा. एकदा तरी."

आधी आवाज आला. भांड्यात पाणी उकळावं तसा बुडबुड आवाज, एका जागेवरून, मग दुसऱ्या जागेवरून. मग उजेड झाला तसे ते दिसले. निळसर काळे, भुवया तांबड्या लाल, शेपट्या पंख्यासारख्या उभारलेल्या आणि पोटाखालून पांढऱ्या. एक उडी मारायचा, फुसकन आवाज करायचा, दुसरा त्याला उत्तर द्यायचा. माद्या झाडांवर बसून, लग्नाला आलेल्या बायकांसारख्या, बघत होत्या. अग्नेशा इथून चौतीस हिवाळे हजारो वेळा गेली होती आणि तिने यातलं काहीही कधी पाहिलं नव्हतं. तिला ओरडून सगळ्या गावाला बोलवावंसं वाटलं. ती बर्फात तोंड खुपसून हसली.

ल्युदोने ओठ हलवत मोजलं. पुन्हा मोजलं. "चौदा," तो म्हणाला. "अग्नेशा, चौदा आहेत."

"पंधरा," ती म्हणाली. "तो बघ, खोडाआड. लाजाळू आहे, तुझ्यासारखा."

ल्युदोने दुर्बीण लावली. मग चौदावर काट मारून पंधरा लिहिलं, खाली तारीख घातली, सही केली आणि शेजारी लिहिलं: हिवाळी वापर चालू ठेवावा. तिला ते वाचायला चष्मा लागला नाही.

दोघं सरपटत मागे आली आणि लांबून वळसा घालून चातेवर पोचली. पायरीवर व्हालेंत, रादोव्हान आणि वसंतात शेवटचा बर्फ बघायला आलेले दहा-बारा जण हातात चहाचे कप घेऊन उभे होते. अग्नेशाने सांगितलं.

"पंधरा."

व्हालेंतने लग्नापासून आजवर आवाज चढवला नव्हता. तो कप खाली ठेवून पायरीच्या टोकाशी गेला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि दरीत ओरडला, "पंधरा!" समोरच्या कोमिनवरून तो आकडा फिरून परत आला. त्याने पुन्हा ओरडायला श्वास भरला, तोच अग्नेशाने मागून त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"हळू, मेल्या," ती म्हणाली. "खाली नाचतायत ते."